वडिलांना इन्सुलिन सुरू झालंय. शुगर कधी ३१०, कधी ५८. घरी नेमकं काय चुकतंय?

भांडुपची_लेक

नमस्कार. बाबा ६९ वर्षांचे आहेत, बेस्टमध्ये कंडक्टर होते. मधुमेह पंधराएक वर्षांपासून, पण आजवर गोळ्यांवर भागत होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, जखम चिघळली आणि ॲडमिट करावं लागलं. जखम आता भरत आलीय. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं: ३०/७० ची बाटली, सकाळी २० युनिट, रात्री १२.

त्या दिवशी वॉर्डात खाली गाद्या टाकून पेशंट झोपवले होते, इतकी गर्दी. सिस्टरनी एकदा सिरिंज भरून दाखवली, "समजलं ना?" विचारलं, आई "हो" म्हणाली. सिस्टरना दोष देत नाही, त्यांना पाणी प्यायला वेळ नव्हता. पण घरी आल्यावर आईला बाटली उलटी धरायची की सुलटी इथपासून प्रश्न.

सुरुवातीला बरं चाललं, उपाशीपोटी १४०-१५० यायची. सिरिंज संपल्या तेव्हा मी स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणल्या. तशाच होत्या, फक्त आधीच्यांचं टोपण लाल होतं, यांचं केशरी. त्याच सुमारास शुगर चढायला लागली, एकदा ३१० आली. फोनवर डॉक्टरांनी डोस वाढवून सकाळी २४, रात्री १६ केला. तरी फारसा फरक नव्हता. या आठवड्यात नेहमीच्या केमिस्टकडून सिरिंज आणल्या आणि गुरुवारी पहाटे तीनला बाबा घामाने चिंब, हात थरथरताहेत, काहीतरी असंबद्ध बोलताहेत. मीटरवर ५८. आईने देवापुढचा पेढा तोंडात घातला. अर्ध्या-पाऊण तासाने शुद्धीत बोलायला लागले.

आता बाबा म्हणतात सुई नकोच. आमच्या जुन्या चाळीत एकांना इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात पाय कापावा लागला, ते त्यांच्या डोक्यात बसलंय. आई घाबरून बेंबीच्या उजव्या बाजूला एकाच ठिकाणी टोचते, कारण "तिथे त्यांना दुखत नाही". ती आठ वाजता इंजेक्शन देते आणि मग सगळे माझी वाट बघत थांबतात. मी लोअर परळहून येते, गाडी वेळेवर असली तर साडेआठ, नाहीतर नऊ-सव्वानऊ.

काय बघू? आणि दोघांना नीट शिकवणारं कोणी मुंबईत भेटेल का?

दादरचा_टाइप_वन

मी शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर आहे, आता नोकरी करतो, रोज विरारपर्यंत जातो-येतो. डोसबद्दल जाणकार सांगतील, मी फक्त पहाटेच्या प्रसंगाबद्दल लिहितो.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांत दूध-तूप असतं, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. उशाशी ग्लुकोज पावडरचा डबा, पाण्याची बाटली आणि चमचा ठेवा. ७० च्या खाली आली की तीन चमचे पावडर पाण्यात ढवळून द्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी परत तपासायची. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की अर्धी पोळी किंवा दोन-तीन बिस्किटं, नाहीतर तासाभरात परत उतरते. बाबा बेशुद्ध असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, ग्लुकोजचं पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

बाबांना बाहेर जाताना खिशातही पुडी द्या. गाडीत अडकल्यावर ती पुडीच हाताशी असते.

निवृत्त_इनचार्ज_सिस्टर

ताई, आज रात्रीचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बाकीचं मी पुढे लिहिते, पण फोन आधी.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या टोपणाच्या रंगात आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या, आणि १०० युनिट असलेल्या. ३०/७० ची साधी बाटली बहुतेक ४० ची असते, लेबलावर वाचून खात्री करा. ४० च्या बाटलीसाठीची सिरिंज लाल टोपणाची, १०० च्या बाटलीसाठीची केशरी. दोन्हींवरच्या रेघा वेगळ्या हिशेबाने मारलेल्या असतात. केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं तर ते ०.२ मिलिलिटर होतं, आणि ४० च्या बाटलीतून घेतलं असेल तर पोटात गेले फक्त ८ युनिट. म्हणजे बाबांना त्या दिवसांत निम्म्याहूनही कमी औषध मिळत होतं. शुगर चढणारच. डॉक्टरांना सिरिंज बदलल्याचं कोणी सांगितलं नाही, त्यांनी डोस वाढवला, आणि मग तुम्ही पुन्हा लाल टोपणाच्या सिरिंज आणल्यात. तेव्हा वाढवलेले २४ आणि १६ पूर्णच्या पूर्ण गेले. ३०/७० म्हणजे ३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन. रात्री दिलेल्या डोसमधला तो सावकाश भाग मध्यरात्रीनंतर जोरात असतो, म्हणून पहाटे तीन. उलटी चूक, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, झाली असती तर अडीचपट औषध गेलं असतं आणि ते फार धोक्याचं होतं.

यात तुमचा दोष नाही. दुकानदाराने विचारायला हवं होतं, "बाटली कितीची?" तो प्रश्न इथून पुढे तुम्हीच विचारा. बाटली रिकामी झाली तरी दुकानात जाताना ती बरोबर न्या, आणि रंगावर विसंबू नका, सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा वाचा.

फोनवर तीन गोष्टी सांगा: मधल्या काळात केशरी सिरिंज वापरली, गुरुवारी पहाटे ५८ झाली, आणि पोटावर एकाच जागी टोचत होतो. तिसरी गोष्ट का, तर रोज एकाच ठिकाणी सुई घातली की तिथे चरबीची गाठ धरते. ती दुखत नाही, म्हणूनच आईला ती जागा बरी वाटते. पण गाठीतून औषध कधी मिळतं, कधी नाही. बोटांनी पोट चाचपून बघा, रबरासारखा भाग लागेल. त्या जागी आता काही महिने सुई नको. मात्र चांगल्या कातडीत टोचायला लागलात की तेवढाच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर खाली येते. म्हणून डोस किती ठेवायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं, मी आकडा सांगणार नाही.

आता शिकवण्याबद्दल. मी पालिकेच्या रुग्णालयात आयुष्य काढलं, शेवटची वर्षं मधुमेहाच्या ओपीडीत. वॉर्डात नवीन मुली यायच्या तेव्हा मी त्यांना एकच सांगायची, "समजलं का?" असं पेशंटला विचारायचं नाही. गरीब माणूस, म्हातारा माणूस, शिकलेला माणूस, सगळे "हो" म्हणतात. परत विचारलं तर सिस्टर रागावतील असं वाटतं. त्याऐवजी म्हणायचं, "आता तुम्ही करून दाखवा." हात कुठे अडखळतो ते डोळ्यांनी दिसतं आणि तेवढंच परत शिकवायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं आलं. इतक्या माणसांपुढे वॉर्डातली एक सिस्टर किती पुरी पडणार! पण करून घेतल्याशिवाय पेशंट घरी पाठवणं मला कधीही पटलं नाही, आजही पटत नाही.

तुमच्या घरी सिरिंज आईच्या हातात आहे. ती बाबांच्या हातात द्या. ज्या माणसाने जन्मभर हलत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकू दिला नाही, त्याला युनिट मोजता येतील. माझ्या अनुभवात सुईला "नको" म्हणणारी बरीच माणसं खरं तर आपल्यावर काहीतरी केलं जातंय याला "नको" म्हणत असतात. आजार त्यांचा, आणि निर्णय सगळे घरच्यांचे. आईला शेजारी बसून फक्त आकडा बघू दे.

हात साबणाने धुवायचे. बाटली दोन तळहातांत हळूहळू फिरवायची, तळाला बसलेला पांढरा थर मिसळून सगळं सारखं दुधाळ दिसेपर्यंत. जोरात हलवायची नाही, फेस येतो आणि माप चुकतं. फिरवूनही कण किंवा गुठळ्या राहिल्या तर ती बाटली वापरू नका. जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा आधी सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी करून औषध ओढायचं. बुडबुडा दिसला तर नळीला टिचकी मारून वर घालवायचा. चष्मा लावून, उजेडात, सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरून. आमच्या ओपीडीत एक आजी यायच्या, त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांच्या डोसच्या रेघेवर मार्करने खूण केलेली, सुई काढलेली एक सिरिंज आम्ही त्यांना दिली. ती त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवली आणि रोज तिच्याशेजारी धरून भरायच्या. आईसाठी तसं करा, मात्र डोस बदलला की जुनी खूण लगेच काढून टाका.

पोटावर बेंबीभोवती दोन इंच सोडायचे. बाकी पोटाचे मनात चार भाग करायचे, एका आठवड्याला एक भाग, आणि त्यातही रोज बोटभर सरकायचं. टोचल्यावर चोळायचं नाही. दर वेळी नवी सुई. परवडत नाही म्हणून लोक सुई पुन्हा वापरतात, मला ठाऊक आहे, पण बोथट सुईने दुखतं आणि गाठी वाढतात.

उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, उघडलेली तारीख लेबलावर लिहून ठेवा. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलं की ते औषध बाद.

रात्रीची वेळ बदला. हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, दीड तास नाही. तुम्ही गाडीत कुर्ल्याला अडकलात आणि बाबा उपाशी बसले तर शुगर उतरणारच. बाबांनी आठला इंजेक्शन घ्यावं आणि साडेआठला जेवावं, तुम्ही आलात की आई तुमच्याबरोबर बसेल. एकत्र जेवायचा आग्रह रविवारी.

चाळीतल्या त्या गृहस्थांबद्दल बाबांना एवढं सांगा: त्यांचा पाय इन्सुलिनने गेला नाही. शुगर वर्षानुवर्षं वर राहिली, नसा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या, आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर शेवटी इन्सुलिन आलं. लोकांना शेवटचं तेच दिसलं. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी त्याच्यासारख्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. ओपीडीत हे मी खूप जणांना सांगायची, आणि ऐकताना माणसं सरसावून बसायची.

शिकायला सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय तुम्हाला भांडुपहून सरळ पडेल. केईएम, नायर, जेजे इथेही मेडिसिनच्या ओपीडीत चौकशी करा. जाताना बाटली, सिरिंज, मीटर, स्ट्रिप, शुगरची वही सगळं पिशवीत न्या आणि म्हणा, "आम्ही कसं घेतो ते बघा आणि चूक सांगा." असं म्हणणाऱ्या पेशंटला कुठलीही सिस्टर परत पाठवत नाही.

निसर्गप्रेमी_बोरिवली

एकदा इन्सुलिनची सवय लागली की सुटत नाही. माझ्या मेहुण्यांनी कारल्याचा रस आणि भिजवलेली मेथी सुरू केली, गोळ्या बंद झाल्या. आधी हे करून बघा.

निवृत्त_इनचार्ज_सिस्टर

दादा, मेहुण्यांची तब्येत सुधारली याचा आनंद आहे. पण पायाला जखम असलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचं इन्सुलिन थांबवा असं इथे कृपया लिहू नका. कोणीतरी ते खरंच करतं. इन्सुलिन आपलं शरीर स्वतः बनवतं, ते कमी पडतं म्हणून बाहेरून द्यायचं. त्याला सवय लागणं म्हणत नाहीत. काहींचं नंतर कमी होतं, काहींचं बंदही होतं, पण ते डॉक्टरांनी आकडे बघून ठरवायचं. मेथी, कारलं भाजी म्हणून रोज खावं, चांगलंच आहे. औषधाच्या जागी नको. जखम भरायची असेल तर शुगर आटोक्यात हवी, आणि आज त्यासाठी बाबांकडे इन्सुलिन आहे.

भांडुपची_लेक

सिस्टर, मला अगं-तुगं करा. बाटलीवर ४० लिहिलंय, उरलेल्या केशरी सिरिंज वेगळ्या काढल्या. डॉक्टरांनी डोस सकाळी पुन्हा २० केला आणि गाठीची जागा सोडायची म्हणून रात्रीचा १० केला. पोटावर खरंच लिंबाएवढी गाठ लागली. काल रात्री साडेआठला जेवण झालं, आज सकाळी १३२.

बाबांनी आज स्वतः भरलं. दोनदा बुडबुडा आला, तिसऱ्यांदा जमलं. आईला म्हणाले, "तू नुसती बघ." टोचलंही स्वतःच.

पण आता नवीनच सुरू झालंय. बरं वाटतंय तर येत्या अंगारकीला अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जातो म्हणतात. दरवर्षीचा नेम आहे. आणि टोचलेल्या सिरिंज मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतेय, ते बरोबर आहे ना?

निवृत्त_इनचार्ज_सिस्टर

छान केलंस गं. १३२ बघून फार बरं वाटलं. अजून काही दिवस पहाटे तीनला मधूनमधून तपास, आणि बोटाला साखर किंवा फळाचा रस लागलेला नाही ना ते बघ, हात धुऊनच टोचायचं.

सिरिंज कागदात नको. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात ती सुई घुसते आणि त्याला कावीळ-एचआयव्हीची भीती घेऊन महिनोन्‌महिने तपासण्या कराव्या लागतात. जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली घे, लिक्विड साबणाची रिकामी चालेल. सुया, लॅन्सेट (बोट टोचायच्या छोट्या सुया) तिच्यात टाक, बाहेर मोठ्या अक्षरात "सुया" लिही. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून रुग्णालयात जाताना ओपीडीतल्या सिस्टरना विचार, त्यांच्याकडे सुयांसाठी वेगळी सोय असते.

अंगारकीला अनवाणी नाही. यात मी तडजोड करणार नाही. बाबांना अंगठ्याला चप्पल लागल्याचं तेव्हाच कळलं होतं का, विचार. बहुधा नसेल, रक्त किंवा पू दिसल्यावर कळलं असेल. तळपायाची जाणीव गेली की खडा, काच, तापलेली फरशी काहीच कळत नाही. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही जाणीव तपासतात, ओपीडीत ती तपासणी मागून घे. नेम मोडल्याचं वाईट वाटेल, तर गाडीने जाऊ देत, रांगेपर्यंत बंद बूट-मोजे घालून. आत गेल्यावर मोजे पायात राहू देत, निदान जमिनीला तळवा लागत नाही, आणि घरी आल्यावर ते काढून पाय नीट बघा.

घरातही चप्पल हवी, मागे पट्टा असलेली. रोज रात्री आईने त्यांचे तळवे आणि बोटांच्या मधल्या फटी बघायच्या. पावसात पाय भिजले की बोटांमध्ये टिपून कोरडं करायचं. टाचांना खोबरेल लावलं तर चालेल, फटींत नको. गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत, भोवरी ब्लेडने कापायची नाही. बूट घालण्याआधी हात घालून आत काही नाही ना ते बघायचं, मुंबईच्या पावसाळ्यात बुटात झुरळापासून खड्यापर्यंत काहीही असतं. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर येतं.

आणि वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

अंगठ्याभोवती लाली, सूज, वास, नवा पू, काळपट रंग किंवा ताप, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दाखव. शनिवार संध्याकाळ असली तरी कॅज्युअल्टीला ने, सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू नको.